नवशिक्याचे पान

संगणकावरचा खेळ विकत घ्यावा, चार महिने खेळावा आणि मग बाजूला ठेवून द्यावा, एवढ्यावर ज्यांचे समाधान होत नाही, खेळाच्या पोटात हात घालून त्यातली घरे, पात्रे, पिके, शस्त्रे, संवाद आणि क्वचित त्याचे नियमसुद्धा आपल्या मनासारखे पालटावेत अशी ज्यांना तळमळ लागते, त्यांच्या उद्योगाला जगभर मॉडिंग म्हणतात. या उद्योगाला विद्यापीठ नाही, क्रमिक पुस्तक नाही, परीक्षा तर नाहीच. असे असूनही गेल्या तीस वर्षांत त्याची विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोचत आली, याचे मोठे श्रेय विकी नावाच्या त्या सामाईक दप्तराला आहे, ज्यात कोणीही नोंद करावी आणि कोणीही दुसऱ्याची नोंद दुरुस्त करावी. पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली उघडला तो प्रोग्रामर मंडळींच्या आपसांतील विचारविनिमयासाठी. खेळांच्या चाहत्यांनी ती वहिवाट पुढे इतकी आपलीशी केली की ज्यांत मॉड चालतात अशा बहुतेक नावाजलेल्या खेळांना आज स्वतःचा विकी असतो आणि त्यात मॉडिंगचा एक स्वतंत्र विभाग राखलेला असतो.

त्या विभागातील नवशिक्यासाठी असलेली पाने किती तपशिलाची असावीत, हा प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु ज्यांनी अशी पाने लिहिली किंवा अशा पानांवर अडखळून एखादी संध्याकाळ घालवली, त्यांना तो लहान वाटत नाही. पान त्रोटक राहिले तर उंबरठ्यावरूनच माणूस परततो. पान पाल्हाळिक झाले तर तो घरात शिरतो खरा, पण माजघरापर्यंत पोचण्याआधीच थकतो. या दोन अनर्थांमधली वाट कोणी कशी काढली, कोणाची कोठे चुकली, आणि माझ्या मते ती कोठून जावी, याचा हा आढावा आहे.

आरंभ ‘डूम’पासून करणे न्याय्य होईल. इड सॉफ्टवेअरने १० डिसेंबर १९९३ रोजी हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातले नकाशे, चित्रे आणि ध्वनी हे खेळाच्या मूळ यंत्रणेपासून अलग काढून वॅड नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये ठेवलेले होते, आणि ही फाईल कशी बांधलेली आहे याचा शोध चाहत्यांनी इतक्या चिकाटीने घेतला की १९९४ मध्येच ‘अनऑफिशियल डूम स्पेक्स’ या नावाचा एक दस्तऐवज हातोहात फिरू लागला. वॅडच्या आरंभी बारा बाइट असतात. पहिल्या चारांत फाईलची जात, पुढच्या चारांत आतल्या जिनसांची संख्या, शेवटच्या चारांत त्या जिनसांची यादी कोठे सुरू होते त्याचा ठावठिकाणा. यादीतली प्रत्येक नोंद सोळा बाइटांची आणि तीत नावासाठी जागा आठच अक्षरांची. अशा रीतीने एकही बाब न गाळता लिहिलेल्या त्या दस्तऐवजाबद्दल मला नितांत आदर आहे. त्याच्यासारख्या लेखनाशिवाय पुढे नकाशे रचण्याची साधने निर्माण होणे कठीणच होते. परंतु ज्याला बाइट म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशा मुलाच्या हाती तो द्यावा, तर विहीर बांधून तयार आहे पण दोर नाही, अशी त्याची गत होते. तपशिलाची तेथे वाण नव्हती. कमी होती ती कोणीतरी पहिल्यांदाच येत आहे या जाणिवेची, आणि त्या काळी येणारा बहुधा प्रोग्रामरच असल्यामुळे ती जाणीव नसणे क्षम्यही होते.

पुढे येणारा माणूस बदलला. २००२ साली ‘मॉरोविंड’ या खेळाबरोबर त्याच्या कर्त्यांनी कन्स्ट्रक्शन सेट नावाचे साधनच ग्राहकाच्या हाती दिले, आणि ज्याने आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही अशा माणसालाही गुहा रचावी, तीत पेटी ठेवावी, पेटीत तलवार ठेवावी, हे साध्य झाले. ‘स्कायरिम’ हा त्याच मालिकेतला खेळ नोव्हेंबर २०११ मध्ये आला आणि त्याचे साधन, क्रिएशन किट, फेब्रुवारी २०१२ मध्ये खुले झाले. त्याच्यासोबत जो विकी उघडण्यात आला त्यात लोकिर नावाच्या एका पात्राचे थडगे टप्प्याटप्प्याने बांधावयास शिकवणारी पाठमाला आहे, आणि खोलीचे तुकडे एकमेकांना कसे जोडावेत, दिवा कोठे टांगावा, शत्रूंना चालण्याच्या वाटा कशा आखून द्याव्यात, हे ती अशा धिमेपणाने सांगते की वाचणाऱ्याचा हात शिक्षकाने धरला आहे असे वाटावे. त्याच विकीत पापायरस या भाषेतल्या एकेका फंक्शनची जी पाने आहेत, त्यांपैकी कित्येकांवर मात्र दोन-चार ओळींपलीकडे मजकूर नाही. थडगे बांधून झालेला विद्यार्थी उत्साहाने दुसरे दार उघडतो आणि समोर एकदम स्पेक्सचा तो जुना युगधर्म उभा राहतो. मधला जिना कोणी बांधलेलाच नसतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक विकींची मूळ व्याधी हीच आहे, आणि तपशील जास्त की कमी या वादात ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या वादात एक पक्ष म्हणतो की विकीने प्रोग्रामिंग शिकवू नये. सी-शार्प किंवा जावा शिकवणारी ग्रंथसंपदा विपुल आहे, ती वाचून या आणि मग आमच्याकडे खेळापुरते विचारा. दुसरा पक्ष म्हणतो की फोल्डर कसा उघडावा येथपासून शेवटच्या टिचकीपर्यंत प्रत्येक पायरी चित्रासह द्यावी, कारण जो येतो तो प्रोग्रामर व्हायला येत नाही, त्याला आपल्या शेतातल्या कोंबडीचा रंग बदलायचा असतो. पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात श्रमविभागाची रास्त जाण आहे. खेळाचे ज्ञान ज्यांना आहे अशी माणसे मूठभर, आणि त्यांनी आपला वेळ ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ हे हजाराव्यांदा लिहिण्यात घालवणे हा खरोखर अपव्यय होय. दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात करुणा आहे, आणि शिकवण्याच्या कामी करुणेचे मोल कमी लेखू नये. तरीही दोन्ही पक्ष तपशील ही जणू एकच राशी आहे आणि ती तराजूत कमी-अधिक घालायची आहे अशा समजुतीने बोलतात, आणि तेथे त्यांची वाट चुकते.

शिक्षणाच्या अभ्यासकांनी याच स्वरूपाचा प्रश्न दुसऱ्या क्षेत्रांत पूर्वीच हाताळला आहे. जॉन कॅरल यांनी आयबीएमच्या संशोधनकेंद्रात असताना कार्यालयीन संगणक प्रथमच वापरणाऱ्या माणसांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना आढळले की माणसे पुस्तिका क्रमाने वाचतच नाहीत. ती लगेच काम करू पाहतात, चुकतात, आणि चुकल्यावर पुस्तिकेकडे वळतात, तर तेथे चुकीविषयी अवाक्षर नसते. त्यांनी पुस्तिका पुष्कळच छाटली; परंतु छाटताना चूक ओळखण्याचा आणि ती निस्तरण्याचा भाग मात्र वाढवला, आणि अशी छाटलेली पुस्तिका वाचणारे लवकर शिकले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्युर्नबर्ग फनेल’ या त्यांच्या ग्रंथात हे सारे विवेचन आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाचा रोख वरकरणी याच्या उलट वाटतो: नवशिक्याला प्रश्न सोडवायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेले उदाहरण समोर ठेवले तर त्याच्या बुद्धीवरचा भार हलका होतो, मात्र तोच आधार जाणत्याला दिला तर त्याला तो अडसर होतो, असा निष्कर्ष त्यांनी २००३ साली मांडला. डॅनिएले प्रोसिदा यांनी तांत्रिक लेखनाचे पाठ, कृती, संदर्भ आणि विवरण असे जे चार विभाग सांगितले, त्यांचा स्वीकार अनेक प्रकल्पांनी केला आहे. या विभागणीने पानांची सरमिसळ थांबते हे खरे, पण पाठाच्या पानात नेमके काय विस्ताराने लिहावे याचे उत्तर तिच्यातून आपोआप मिळत नाही.

ज्या एका पानाला मी नमुना मानतो ते ‘स्टार्ड्यू व्हॅली’च्या विकीत आहे. एरिक बरोन यांनी एकट्याने घडवलेला हा शेतीचा खेळ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, आणि त्याचे मॉड चालवणारी स्मापी नावाची यंत्रणा चाहत्यांनीच उभी केली. मॉड करू इच्छिणाऱ्याला हे पान प्रथम दोन वाटांपुढे उभे करते. चित्र, संवाद, नकाशा एवढेच बदलायचे असेल तर कोड लिहिण्याची गरज नाही, काही साध्या फाईली भरल्या की काम होते. खेळाचे वागणेच बदलायचे असेल तर सी-शार्प येणे अवश्य, आणि ते येथे शिकवले जाणार नाही. नकार कोठे आहे हे दारातच इतक्या सरळपणे सांगणे हीसुद्धा नवशिक्याची सेवाच आहे. भाषा न शिकवण्याचा पहिल्या पक्षाचा आग्रह येथे पाळला गेला आहे आणि तरी कोणाचा अपमान झालेला नाही.

दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याचा पहिला मॉड काय करतो? खेळाडू जी कळ दाबेल तिचे नाव तो नोंदपटावर छापतो: अमक्या खेळाडूने अमकी कळ दाबली. त्याहून अधिक काही नाही. पण या निरुपयोगी मॉडमध्ये एक ओळ अशी आहे की जग अजून उघडलेले नसेल तर काही न करता परत फिरावे, आणि त्या ओळीच्या डोक्यावर तिचे कारण साध्या शब्दांत लिहिलेले आहे. ती ओळ गाळली असती तर पाठ एका ओळीने आटोपशीर झाला असता, आणि खेळाडू अजून शीर्षकपटावरच असता जो घोटाळा होऊ शकतो त्याचा उलगडा शिकणाऱ्याला एकट्याने करावा लागला असता. स्मापीची यंत्रणाही या पानाची सहकारी आहे: फाईलमध्ये सरळ अवतरणचिन्हांऐवजी वक्र अवतरणचिन्हे पडली तर ती नुसती ‘फाईल वाचता येत नाही’ असे म्हणून मोकळी होत नाही, वक्र चिन्हे आढळली असे नाव घेऊन सांगते. एरवी टपालाच्या पत्रात शोभिवंत दिसणारी ती चिन्हे संगणकाला वर्ज्य आहेत, हे शब्दलेखनाच्या साधनात फाईल लिहिणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

आता उलट बाजूचा एक दाखला, अगदी जवळून पाहिलेला. २०२४ च्या पावसाळ्यात शेजारची दहावीतली एक मुलगी ‘माइनक्राफ्ट’ या खेळासाठी डेटापॅक, म्हणजे खेळाचे वागणे बदलणाऱ्या फाईलींचा गठ्ठा, करत होती; जगात शिरताच आपल्याला नमस्कार करणारा संदेश उमटावा, एवढीच तिची इच्छा. समोर जे पान होते, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, त्यात ‘पॅक.एमसीमेटा नावाची फाईल तयार करा’ असे एक वाक्य होते. तिने नोटपॅडमध्ये फाईल केली, नाव दिले, जतन केली; विंडोजने आपल्या शिरस्त्याप्रमाणे त्या नावामागे टीएक्सटी हे शेपूट जोडले आणि तेही दृष्टीआड ठेवले. तिला फाईलचे नाव बरोबर दिसत होते आणि खेळाला ते चूक दिसत होते, आणि दोघांपैकी कोणीही बोलत नव्हते. पहिली संध्याकाळ तेथे गेली. शेपूट सापडून ते कापल्यावर पॅक यादीत आला, तर संदेश काही उमटेना. तिने दर अक्षर पानाशी ताडून पाहिले. सर्व जुळत होते. चूक पानातच होती. जून २०२४ मध्ये आलेल्या १.२१ या आवृत्तीत ‘फंक्शन्स’ या फोल्डरचे नाव एकवचनी होऊन ‘फंक्शन’ झाले होते. पानावर कोणा भल्या माणसाने पॅकचा क्रमांक ४८ असा नव्या आवृत्तीला धरून सुधारला होता, पण फोल्डरचे नाव जुनेच राहिले होते. जुन्या नावाचा फोल्डर खेळाला चूक वाटत नाही. तो त्याला दिसतच नाही. दुसरी संध्याकाळ एका ‘स’कारापायी गेली. ती रडली नाही, पण आपल्याला हे जमणारे नाही असे जे तिने पुटपुटत म्हटले, ते ऐकून मला अतिशय वाईट वाटले, कारण तिच्याकडून कसूर तिळभरही झालेली नव्हती.

या दाखल्यावरून माझ्या मनात जो निर्णय पक्का झाला तो असा, की जेथे चूक झाली असता यंत्र स्वतः ओरडते तेथे पानाने थोडक्यात बोलावे, आणि जेथे यंत्र मुके राहते तेथे पानाने पाल्हाळाची भीती बाळगू नये. कंस सुटला तर यंत्र ओळीचा आकडा देते. त्याचे विवेचन दोन वाक्यांत पुरे. लपलेले शेपूट, एका फोल्डरात दुसरा तसाच फोल्डर निर्माण करून ठेवणारी झिप, लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद, नामांतर झालेला फोल्डर, हे मौनाचे प्रदेश आहेत. तेथे चित्र द्यावे, बरोबर आणि चूक यांची जोडी शेजारीशेजारी मांडावी, ताडून पाहण्याचा उपाय सांगावा. पहिले दृश्य यश हाती येईपर्यंतची वाट अशा रीतीने पूर्ण उजळलेली असावी. त्यानंतर मात्र दिवे हळूहळू दूरदूर यावेत, कारण स्वेलर यांनी दाखवलेला अडसर तेथून सुरू होतो.

कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे धरून पाककृती लिहिल्या, त्याचे महत्त्व मला येथे आठवते. स्वयंपाक शिकलेल्या गृहिणीला ‘अंदाजाने मीठ’ एवढे पुरते, पण परगावी खोली घेऊन राहिलेल्या नव्या माणसाला अंदाज हीच तर उणीव असते, आणि ती भरून काढणारे माप त्याच्या हाताशी असलेल्या भांड्याचे असावे लागते. मॉडिंगच्या पानातही प्रत्येक पायरीनंतर ‘आता तुम्हाला हे दिसेल’ असे एक वाक्य हवे. कृतीचे वाक्य हात चालवते. दिसण्याचे वाक्य खातरजमा करून देते, आणि ते नसले तर सहाव्या पायरीवर झालेली चूक अकराव्या पायरीवर उघडकीस येते. पानात एकाच प्रकारचा तपशील वाढवण्याची मुभा मला मिळाली, तर मी हाच वाढवीन.

याविरुद्ध एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून जाणे अप्रामाणिक होईल: तपशील जुना होतो. जुलै २०१८ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या १.१३ या आवृत्तीने वस्तूंचे जुने आकडे रद्द करून सर्वत्र नावे चालू केली आणि आकड्यांवर उभे असलेले पाठ एका दिवसात निकामी झाले; १९ मार्च २०२४ रोजी ‘स्टार्ड्यू व्हॅली’ची १.६ ही आवृत्ती आली तेव्हा जुने मॉड नव्या घरात कसे न्यावेत याचे स्वतंत्र आणि बरेच दीर्घ पान तिच्या विकीत ठेवावे लागले. चित्रांची स्थिती मजकुराहूनही कठीण, कारण वाक्यातला शब्द कोणीही बदलू शकतो, पण चित्र पुन्हा काढण्यासाठी ते साधन, ती आवृत्ती आणि तेवढा वेळ हवा. आणखी एक अडचण अशी की विकीचे बिऱ्हाड हलले तरी जुनी पाने मागे उरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ विकीच्या संपादकांनी फॅंडम या विकींना जागा देणाऱ्या कंपनीचा आश्रय सोडून स्वतंत्र जागी दप्तर नेले, आणि दोन्ही ठिकाणच्या प्रती शोधणाऱ्याच्या समोर येत राहिल्या. तेव्हा जितके लिहाल तितके सांभाळावे लागेल, हा इशारा खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय कमी लिहिणे हा नव्हे. पानाच्या माथ्यावर, आणि अर्ध्या दुरुस्तीचा वर सांगितलेला प्रकार ध्यानात घेता प्रत्येक खंडाच्या माथ्यावरही, तो कोणत्या आवृत्तीवर करून पाहिला आहे याची नोंद असावी. तीच गोष्ट तीन पानांवर लिहिण्याऐवजी एका पानावर लिहून इतरांनी तिचा हवाला द्यावा. आणि सात चित्रांच्या जागी मुक्या प्रदेशातली दोनच ठेवावीत. तपशिलाची जागा नेमकी ठरली म्हणजे सांभाळण्याचे ओझेही आटोक्यात येते.

हे लिहावे कोणी? जाणत्या माणसाला आपले पहिले अडखळणे आठवत नाही. दहा वर्षे सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सावरतो हे सांगता येत नाही, तसेच हे. म्हणून ज्याचा पहिला मॉड गेल्या आठवड्यात चालला, तो या पानाचा सर्वांत योग्य दुरुस्तीकार होय, आणि जाणत्याने त्याच्या लेखनातली तांत्रिक चूक काढावी, त्यातली बाळबोध वाटणारी वाक्ये मात्र पुसू नयेत. अशी वाक्ये ‘हे तर उघडच आहे’ या शेऱ्यासह पुसली गेलेली मी पाहिली आहेत, आणि ज्याला ते उघड नव्हते त्याचे म्हणणे ऐकायला तेथे कोणीच नव्हते.

आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ही पाने बहुतेक इंग्रजीत, आणि ‘स्टार्ड्यू व्हॅली’चा विकी अनेक भाषांत असला तरी त्या भाषांत मराठी नाही. मराठी घरातले मूल हे इंग्रजी वाचते, समजूनही घेते, पण लांब समजावणीपेक्षा पूर्ण उदाहरण त्याला अधिक लवकर कळते. भरलेली फाईल आणि फोल्डरांची उतरंड यांना भाषांतर लागत नाही. तपशील वाक्यांतून वाढवावा की उदाहरणांतून, असा प्रश्न आला तर उदाहरणाचे पारडे माझ्या लेखी म्हणूनही जड आहे.

त्या मुलीचा संदेश अखेर तिसऱ्या संध्याकाळी उमटला. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्या पानावर फोल्डरचे नाव सुधारले, आणि तिने आपल्या इंग्रजीत खाली दोन ओळी घातल्या: फाईलचे पूर्ण नाव दिसावे म्हणून विंडोजमध्ये कोणती खूण करावी ती एक, आणि पॅक यादीत दिसूनही फंक्शन सापडत नसेल तर फोल्डरच्या नावातले शेवटचे अक्षर तपासावे ही दुसरी. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा कोणा अनोळखी संपादकाने तिचे व्याकरण हलक्या हाताने नीट केले होते आणि ओळीच्या आरंभी १.२१ हा आकडा जोडला होता.